कोसला येतोय... जरा जपून!

'कोसला'वर सिनेमा करायचं ठरलंय ही बातमी वाचल्यापासून डोक्यात भुंगा आहे. आनंद झालाय की भीती वाटतेय, तेच कळत नाही. म्हणून सिनेमा बघायच्या आधीच हे लिहून ठेवतोय. एकदा बघितला की माझ्या पांडुरंग सांगवीकरला कुठल्यातरी नटाचा चेहरा चिकटणार, आणि मग आपल्याला नेमकं काय हवं होतं तेच आठवायचं नाही.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६३ साली ही कादंबरी आली तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते, म्हणजे माझ्यापेक्षाही लहान! खानदेशातल्या सांगवीचा एक मुलगा पुण्याला कॉलेजात येतो. होस्टेलवर राहतो, मेस सांभाळायला घेतो, गॅदरिंगच्या भानगडीत पडतो, वडिलांचे पैसे उडवतो, परीक्षेत आपटतो. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते. शेवटी हा गावी परत येतो. संपलं. फ्लोचार्ट काढायला बसलात तर पाच-सहा चौकोनांत आटपेल.

मग साठ वर्षं पोरं ही कादंबरी उशाशी घेऊन का झोपतात? तर त्या सांगणाऱ्या आवाजासाठी. पांडुरंग कुठल्याही भारी गोष्टीच्या शेपटीला 'वगैरे' लावतो आणि तिची हवा काढून टाकतो. 'उदाहरणार्थ' म्हणतो आणि भलतंच काहीतरी सांगतो. आपण हसत राहतो. मग मनी जाते, आणि लक्षात येतं की इतका वेळ ही थट्टा म्हणजे त्याचं चिलखत होतं. ते आता पुरत नाही. हे पानावर होतं. कॅमेऱ्याला मात्र दिसणार एक पोरगा, एक खोली आणि एक खाट. सगळीकडे त्याच्या आवाजातलं निवेदन चिकटवलं तर तो सिनेमा राहणार नाही, आणि अजिबात काढून टाकलं तर ती कोसला राहणार नाही. दिग्दर्शकाची खरी परीक्षा इथे आहे.

पण माझी मोठी भीती वेगळीच आहे. पांडुरंग का बिघडला, याला कादंबरीत एक असं कारण नाही. प्रेमभंग नाही, खलनायक नाही, मोठा अन्याय नाही. सिनेमावाल्यांना मात्र कारण लागतं. कोणीतरी म्हणणार, एखादी हिरोईन टाका. वडिलांना जरा जास्त दुष्ट करा. किंवा शेवटी त्याला गावात काहीतरी करून दाखवू द्या, शाळा काढू द्या, शेतीत प्रयोग करू द्या. लोक टाळ्या वाजवत बाहेर पडतील. आणि मग होस्टेलच्या गमतीजमती, जुन्या सायकली, कटिंग चहा, 'ते सोनेरी दिवस' वगैरे. झाली कोसला!

हे मला इतकं का लागतं? कारण आपल्या पिढीची गोष्ट एकाच बाजूनं सांगितली जाते. गावातून शहरात आलो, होस्टेल, कॅम्पस इंटरव्ह्यू, ऑनसाईट, फ्लॅटचं बुकिंग. जो या रांगेतून बाहेर पडला त्याची गोष्टच नाही. तुमच्याही बॅचमध्ये असा एक असेल बघा. चार विषय राहिले, एक दिवस बॅग भरून गावी गेला, आणि नंतर व्हॉट्सॅपच्या ग्रुपमध्येही नाही. विषय निघाला तर आपण म्हणतो, 'त्याचं पुढे काही कळलं नाही रे.' आणि लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागतो. मराठीत त्या पोराच्या हातात माईक देणारं पुस्तक माझ्यासाठी हेच. शेवटी त्यालाही यशस्वी करून टाकलं तर त्याच्याकडे उरलं काय?

आणि असले शेवट चालत नाहीत असं कृपया सांगू नका. 'सिंहासन' आठवा. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, साल १९७९. कादंबऱ्यांतलं किती गाळलं, किती जोडलं याचा हिशोब आज कोणी मागत नाही. पण सगळं बघून वेड्यासारखा हसत सुटलेला निळू फुल्यांचा दिगू टिपणीस कोणी विसरलेलं नाही. तिथे प्रेक्षकाला दिलासा बिलासा काही दिलेला नाही. पालेकरांनी १९९५ साली 'बनगरवाडी' केला, त्यातही मास्तराचा हिरो झाला नाही. वाडी उठते, तो बघत राहतो. चालतं की!

म्हणजे माझं म्हणणं, प्रसंग गाळा, पात्रं गाळा, होस्टेल दुसरीकडे शूट करा, माझी काही तक्रार नाही. पुस्तक मांडीवर घेऊन चुका काढत बसणाऱ्यांतला मी नाही. पण मनी गेल्यावर थिएटरात पार्श्वसंगीत नको, आणि बापलेकांचं पैशांवरून वाजतं तेव्हा दोघांचंही बरोबर वाटलं पाहिजे. घरून मनीऑर्डर घेतलेल्या किंवा शिक्षणाचं कर्ज काढलेल्या कुठल्याही पोराला ते कळेल.

तिकीट तर मी पहिल्याच दिवशी काढणार आहे. फक्त एक विनंती. तो हरून गावी आलाय. त्याला तिथे राहू द्या.