लाईट गेली, तर उत्तरं का जावीत?

शिवाजी पेठेत वळवाचे चार थेंब पडले की लाईट जाते, याची आपल्याला सवय आहे. पण गेल्या सेमिस्टरला लाईट गेली ती ऐन ऑनलाईन टेस्टमध्ये. जेमतेम दोन सेकंद! तेवढ्यात लॅबमधली सगळी मशीन रिस्टार्ट झाली. 40 पैकी 31 प्रश्न सोडवून झाले होते. परत लॉगिन केलं तर समोर प्रश्न पहिला. उत्तर मिळालं, "कॉम्प्युटर आहे, चालायचंच."

नाही चालायचं. कारण मशीन विसरतं ते नशिबानं नाही.

आपण क्लिक करतो ते आधी रॅममध्ये जातं. तिथे प्रत्येक बिट म्हणजे एका इवल्याशा कपॅसिटरमधला चार्ज. हा कपॅसिटर म्हणजे गळकी बादली. साधारण दर 64 मिलिसेकंदांत ती पुन्हा भरावी लागते. वीज गेली की भरणारा गेला, आणि सोबत आपली 31 उत्तरंही.

गंमत म्हणजे जुनी मशीन अशी विसरभोळी नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये सुरू झालेल्या 'टिफ्रॅक'ची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती. वीज गेली तरी कड्यातलं चुंबकत्व तसंच राहायचं. फक्त तिची जागा 2048 शब्दांची, म्हणजे आजच्या एका फोटोलाही पुरणार नाही. पुढे 1970 च्या दशकात स्वस्त आणि आटोपशीर चिप आल्या नि कडी मागे पडली. वेगवान पण न विसरणारी मेमरी बनवायचे प्रयत्न नंतरही झाले. इंटेलनं 2017 मध्ये 'ऑप्टेन' आणली आणि 2022 मध्ये तो धंदाच गुंडाळायला घेतला. थोडक्यात, रॅम विसरणारच, हे धरूनच चालायचं.

मग उपाय? तो गुजरीतल्या कुठल्याही जुन्या पेढीवर सापडेल. व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत नोंद, खतावणी मग सावकाश. दिवा गेला तरी वहीत लिहिलेलं राहतं. बँकांचे डेटाबेस हेच करतात: आधी डिस्कवर नोंद, मगच "व्यवहार पूर्ण". मोठ्या प्रवेश परीक्षांतही मशीन बंद पडलं तर मुलाला दुसऱ्यावर बसवून तिथूनच पुढे सुरू करता येतं, कारण उत्तरं त्याच्या मशीनच्या भरवशावर ठेवलेली नसतात.

मग कॉलेजच्या टेस्टमध्येच उत्तरं शेवटच्या 'सबमिट'पर्यंत रॅममध्ये लोंबकळत का ठेवायची? यूपीएस घेतो म्हणतील. घ्या की, हवाच आहे. पण मशीन हँग झालं किंवा अपडेटनं मध्येच रिस्टार्ट मारला, तर यूपीएस काय करणार? प्रत्येक उत्तर त्याच क्षणी सर्व्हरवर लिहिलं गेलं पाहिजे, उरलेल्या वेळेसकट. यात मोठं रॉकेट सायन्स नाही, भावांनो. सॉफ्टवेअर घेताना कुणीतरी एवढा एक प्रश्न विचारायला हवा होता.

तो आता आपण विचारू. पुढच्या टेस्टच्या आदल्या दिवशी लॅबमध्ये पाच प्रश्न सोडवायचे, चालू मशीनची पिन खसकन काढायची, परत लावायची आणि सगळ्यांसमोर बघायचं, पाचही आहेत का. पिन काढायला मी येते.