मुखपृष्ठावरचं घुबड

या वर्षीच्या मुखपृष्ठावर घुबड आहे. दिवाळीच्या अंकावर पणती हवी, रांगोळी हवी, निदान पैठणीतली एखादी हसरी स्त्री तरी हवी, घुबड कशाला, अशी कुरकुर आमच्याच बैठकीत झाली. लक्ष्मीचं वाहन म्हणून चालवून घ्या, असा तोडगाही एकाने सुचवला. पण या पक्ष्याला लक्ष्मीच्या वशिल्याची गरज नाही. तो शहाद्याचा आहे. जगभरच्या पक्षीशास्त्रात शहाद्याचं नाव घेतलं जातं ते त्याच्यामुळे, आपल्या उसामुळे किंवा पपईमुळे नाही.

हा रानपिंगळा. 1872 साली ब्लेविट नावाच्या माणसाला तो आजच्या छत्तीसगडमधल्या बसना भागात मिळाला आणि पुढच्या वर्षी ॲलन ह्यूमने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. काँग्रेसच्या स्थापनेमुळे शाळेच्या पुस्तकात भेटतो, तोच हा ह्यूम. पुढे खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने आपल्या बाजूच्या रानातून काही नमुने जमवले. त्यातला शेवटचा 1884 चा. त्यानंतर हा पक्षी शास्त्राला दिसलाच नाही. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्यांनी शोधूनही तो हाती लागला नाही.

त्यात एका भामट्याचाही हात होता. रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या बड्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने 1914 साली गुजरातेत मांडवीला हा पक्षी टिपल्याचं सांगितलं होतं. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने तो नमुना तपासला, तेव्हा तो संग्रहालयातून उचललेला डेव्हिडसनचाच नमुना निघाला. भुसा बदलून, नवी चिठ्ठी बांधून तो मांडवीचा केला होता. म्हणजे खानदेशचं घुबड चोरून गुजरातच्या नावावर चढवलं गेलं होतं! मांडवीची नोंद बाद केली की जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरचा पत्ता उरत होता, आणि तो आपला होता. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा धुंडाळून इकडे आले. 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, किंग यांना तो दिसला. 113 वर्षांनी. नंदुरबार जिल्हा व्हायला तेव्हा अजून सात महिने होते. रानपिंगळा सापडला तो धुळे जिल्ह्यात.

ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. पण तिच्यात तीन अमेरिकन आहेत, तीन-चार साहेब आहेत, लंडनचं एक संग्रहालय आहे. या 113 वर्षांत त्याच रानात गुरं चारणारा, डिंक आणि महू वेचणारा भिल्ल किंवा पावरा माणूस तिच्यात कुठेच नाही.

इथे भाबडेपणा नको. 'आदिवासींना तो ठाऊकच होता' हे वाक्य भाषणात शोभतं, पण त्याला पुरावा लागतो. रानपिंगळा दिवसाढवळ्या वावरतो, सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसतो, त्यामुळे तो रानातल्या माणसाला दिसत असणारच. पण गावकुसाच्या साध्या पिंगळ्याहून तो निराळा आहे, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पाय पांढऱ्या पिसांचे, छातीवर गडद पट्टा, हे कोणी ओळखून वेगळं ठेवलं होतं का? आज ते सांगता येत नाही, कारण त्या काळात कोणी विचारलंच नाही. तक्रार आहे ती एवढीच, पण ती लहान नाही.

न विचारण्याची किंमत काय असते, ते तळोद्याला जाऊन पाहावं. सरदार सरोवराच्या बुडितातली अक्कलकुवा-धडगावची गावं वसवण्यासाठी 1990 च्या दशकात तळोद्याची सुमारे 4,200 हेक्टर वनजमीन निर्वनीकृत झाली. विस्थापितांना दोष देण्याचा प्रश्नच नाही. त्यांचं सगळं आधीच बुडालं होतं. त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या कसणारे स्थानिक आदिवासीही होते, त्यांच्या पोटावरही पाय आला. कागदोपत्री तेव्हा रानपिंगळा नामशेष, त्यामुळे त्याचा विचार होण्याचं कारणच नव्हतं. सपाटीवरचं सागाचं रान, म्हणजे त्याला मानवणारी जागा, तो सापडण्याच्या आधीच मोठ्या प्रमाणात हातचं गेलं होतं. तिथे राहणाऱ्यांना पक्ष्यांबद्दल, ढोलींबद्दल, पाण्याबद्दल कोणी नीट विचारलं असतं तर निर्णय बदलला असता, असं म्हणायचं धाडस आम्ही करणार नाही. निदान काय जातंय, ते तरी कळलं असतं.

1997 नंतर चित्र पालटलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळच्या रानात या पक्ष्याचा अभ्यास केला. मेळघाटात तो मिळाला, यावलला मिळाला, 2014 मध्ये थेट मुंबईजवळच्या तानसात मिळाला. 2018 मध्ये जागतिक लाल यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' वर्गात आला. नव्या जागा सापडल्या म्हणून. रान वाढलं म्हणून नव्हे.

या सगळ्या कामात रानात घेऊन जाणारा, ढोली दाखवणारा, आवाज आला की थांबवणारा माणूस बहुधा तिथल्याच पाड्याचा असतो. त्याला रोज मिळतो. निबंधाच्या शेवटी आभारात त्याचं नाव येतं, कधी तेही येत नाही. आमचं म्हणणं असं की वाट दाखवणं आणि माहिती देणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामाला मजुरीच्या हिशेबात बसवलं की त्यातलं शास्त्र नाहीसं होतं.

आगीचंच घ्या. उन्हाळ्यात महू वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. वनखात्याच्या लेखी तो गुन्हा, आणि वणवा भडकला की नुकसान खरंच होतं. जुन्या झाडांच्या ढोली जळाल्या तर रानपिंगळ्याने घरटं करायचं कुठे? पण दुसरी बाजू कर्नाटकातल्या बिळिगिरीच्या डोंगरातून येते. तिथले सोलिगा सांगत आले की पूर्वी आम्ही वर्षाच्या सुरुवातीला पाल्याला हलकी आग लावायचो, ती बंद केलीत आणि घाणेरी माजली, आवळ्यावर बांडगुळं चढली. बंगळुरूच्या अत्री संस्थेच्या परिसरशास्त्रज्ञांनी हे म्हणणं बाजूला न सारता सोलिगांबरोबरच तपासायला घेतलं, आणि आग थांबल्यावर घाणेरी पसरल्याच्या सांगण्याला मोजमापाचा आधार मिळाला. आता याचा अर्थ सातपुडाही पेटवा, असा कोणी काढू नये. कोणत्या महिन्यातली, किती उंचीची, कोणत्या उतारावरची आग कुठे चालते, हा प्रश्न इथे इथल्याच माणसांबरोबर बसून सोडवावा लागेल. तो अजून सुटलेला नाही, आणि दर उन्हाळ्यात आपण एकमेकांवर गुन्हे आणि आरोप दाखल करतो आहोत.

किंवा निलचारी घ्या. ही पूजा झाल्याखेरीज पावसाळ्यातला नवा पाला, नवी रानभाजी तोडायची नाही, ही सातपुड्यातली रीत. नव्या फुटीला त्यामुळे किती दिवस मिळतात, रीत पाळणाऱ्या आणि मोडणाऱ्या पाड्यांच्या रानात काय फरक पडतो, हे मोजता येण्याजोगं आहे. शहाद्याच्या, तळोद्याच्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचे विभाग आहेत, आणि त्यांत धडगावकडची मुलंमुली शिकतात. प्रकल्पासाठी विषय मिळत नाही ही तक्रार आम्ही यापुढे ऐकून घेणार नाही.

परंपरेतलं सगळंच जपण्याजोगं नसतं, हेही याच अंकात सांगायला हवं. दिवाळीच्या तोंडावर जादूटोण्यासाठी घुबडांचा चोरटा व्यापार वाढतो, असा इशारा वन्यजीव व्यापारावर नजर ठेवणारी ट्रॅफिक ही संस्था देत आली आहे. डोंगरातला भगत तेवढा दोषी आणि शहरातलं गिऱ्हाईक निष्पाप, असं मात्र समजू नका. भाव शहरच देतं.

एकत्र काम केल्यावर काय होतं, ते शेजारीच साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात दिसतं. 1990 च्या दशकाच्या आरंभापासून कोकणा आदिवासींच्या या गावाने आपलं चारशेहून अधिक हेक्टर रान राखलं. हे काम पुढे नेणाऱ्या चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. तिथल्या रानभाज्यांच्या स्पर्धेला अभ्यासक जातात तेव्हा परीक्षा अभ्यासकांची होते. लांबचं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. 'नाइट पॅरट' हा तिथला असाच हरवलेला पोपट. 2024 मध्ये एक शोधनिबंध आला. न्गुरुर्पा या आदिवासी लोकांच्या वाळवंटी मुलुखात त्या पक्ष्याची आजवरची सर्वांत मोठी, पन्नासापर्यंतची संख्या असावी, असा त्याचा निष्कर्ष होता. ध्वनिमुद्रण यंत्रं शास्त्रज्ञांची, ती कुठल्या गवताळ पट्ट्यात लावायची हे ठरवण्यात तिथले रेंजर. निबंधाच्या लेखकांतही रेंजर आहेत. आभारात नव्हे.

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांनी केलेली नोंदवही सांगितली. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला रान राखण्याचा हक्क दिला आणि पारंपरिक ज्ञानावरचा समूहाचा हक्कही मान्य केला. नोंदवह्यांची कल्पना माधव गाडगीळांनी रुजवली ती लोकांनी एकत्र बसून, वाद घालत, आपलं रान लिहून काढावं म्हणून. राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत आणि दंड लावल्यावर देशभर समित्या आणि वह्या धडाधड 'पूर्ण' झाल्या. घाईत झालेलं काम कसं असतं ते सांगायला नको.

म्हणून वाचकहो, एक विनंती. दिवाळीच्या सुट्टीत गावी असाल तेव्हा ग्रामपंचायतीत जा आणि आपल्या गावाची जैवविविधता नोंदवही पाहायला मागा. ती आहे का, कोणत्या भाषेत आहे, तिच्यात ज्यांची नावं आहेत त्यांना ती कधी दाखवली का, ते विचारा. जे आढळेल ते आम्हाला लिहून कळवा. आश्रमशाळांतल्या शिक्षकांना वेगळी विनंती: मुलांच्या आजी-आजोबांकडून झाडांची, पक्ष्यांची, रानाच्या नियमांची माहिती पावरी, भिलोरी, मावची, देहवाली, ज्या भाषेत ते सांगतील त्या भाषेत, देवनागरीत उतरवून पाठवा. काय छापायचं आणि काय गावापुरतंच ठेवायचं, हे सांगणारा ठरवेल. औषधी झाडांच्या जागा आम्ही छापणार नाही. मजकूर होळीपर्यंत आमच्याकडे पोचावा. लेखक म्हणून सांगणाऱ्याचं नाव वर येईल, लिहून घेणाऱ्याचं त्याखाली, आणि मानधन दोघांनाही सारखं मिळेल.

दिवाळीच्या शुभेच्छा. ज्या पाड्यांची गावदिवाळी अजून व्हायची आहे, त्यांना त्या दिवसासाठी आगाऊ.