डोक्यावर होडी, पाठीवर कुकर

लाँग वीकेंडला काय करायचं, या प्रश्नाला आमच्याकडे दोनच उत्तरं असतात. मॉल, नाहीतर मराठी मित्रमंडळींकडे पॉटलक. गेल्या ऑगस्टमध्ये मात्र नवरोबाने तिसरं उत्तर शोधून काढलं. कनू कॅम्पिंग! कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी अशी हलकी होडी. तिच्यात तंबू, शिधा, कपडे भरायचे आणि वल्हवत जंगलात गुडुप व्हायचं. मी लगेच 'हो' म्हटलं. का, ते सांगते.

आम्ही दोघं टोरांटोत नोकरी करतो. इथेच राहायचं की पुण्याला परतायचं, यावर तीन महिने आमच्यात 'चर्चा' चालू होती. चर्चा म्हणजे काय, तर एकाने विषय काढायचा आणि दुसऱ्याने टीव्हीचा रिमोट उचलायचा. म्हटलं, जिथे रिमोटच नाही अशा ठिकाणी जाऊन तरी बघू.

टोरांटोहून गाडीने तीनेक तासांवर अल्गॉनक्विन पार्क आहे. पार्क म्हणजे आपली सारसबाग नव्हे हं! 1893 साली राखलेलं, सुमारे 7,600 चौरस किलोमीटरचं जंगल आणि त्यात दोन हजारांहून जास्त तलाव. आतल्या भागात तलाव हाच रस्ता. आणि एक तलाव संपून दुसरा सुरू होईपर्यंत जी जमीन लागते, तिथे होडी आपल्याला नेत नाही, आपण होडीला नेतो! याला म्हणतात पोर्टेज. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थच 'वाहून नेणं'.

निघताना होडीवाल्याने आमच्या सामानाकडे बघून भुवया उंचावल्या. काचेच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबाबंद पदार्थ आत न्यायला बंदी आहे, त्यामुळे आईने पाठवलेलं लोणचं तिथेच प्लॅस्टिकच्या डब्यात गेलं. तीन लिटरचा प्रेशर कुकर मात्र नियमात बसत होता. 'वरणभाताशिवाय मी जंगलात राहणार नाही,' हे माझं ठाम मत. नवरोबाने घडीच्या खुर्च्या घेतल्या होत्या. दोन!

पहिला तलाव स्मोक लेक. चांगलाच मोठा. दुपारी वारा सुटला की लाटा उठतात म्हणून सकाळीच निघालो आणि किनारा धरून गेलो. पुढे बसणाऱ्याने वल्ह्याचा ताल धरायचा, मागच्याने दिशा सांभाळायची. मी पुढे होते. पहिला अर्धा तास आमची होडी पुण्यातल्या रिक्षेसारखी मनाला येईल तिकडे जात होती. मग जमलं.

पहिलं पोर्टेज 240 मीटरचं. हात्तिच्या! पण रॅगेड लेक ओलांडून बिग पॉर्क्युपाइन लेककडे जाताना सुमारे 600 मीटरचा चढ लागला आणि माज उतरला. सामान एका फेरीत मावेना. दोनदा ओझं न्यायचं म्हणजे तीनदा चालायचं, 600 चे झाले 1,800 मीटर! जुन्या काळी फरच्या व्यापारातले होडीवाले म्हणे 40-40 किलोची दोन गाठोडी एका वेळी पाठीवर घ्यायचे. त्यांच्याही कितीतरी आधीपासून इथले मूळ रहिवासी बर्चच्या सालीच्या होड्या याच पद्धतीने एका तलावातून दुसऱ्यात नेत आले. आणि आम्ही? कुकर आणि खुर्च्या!

होडी होती वीसेक किलोची. मधल्या दांडीला खांद्यांसाठी खाचा असतात. तिथे खांदे टेकवायचे आणि होडी डोक्यावर पालथी घ्यायची. आतल्या माणसाला पावलांपुढची चार हात वाट दिसते, बस्स. त्यामुळे मी पुढे चालत ओरडत होते. "मूळ आहे!" "दगड, डावीकडून ये!" मागून नवरोबाचे नुसते पाय दिसत होते.

आणि अर्ध्या चढावर होडीतून आवाज आला, "मला परत जायचंय गं. बाबा एकटे आहेत. तुझं प्रमोशन आत्ताच झालंय, म्हणून बोललो नाही."

मी थांबले. तो थांबू शकत नव्हता, डोक्यावर वीस किलो होते ना! मी म्हटलं, "मला नाही जायचं रे. निदान आत्ता तरी नाही." मग एकदम, "अरे, चिखल आहे, उजवीकडे!"

चिखलातून गेलो आणि बोलत राहिलो. चेहरा दिसत नसला की खरं बोलणं सोपं जातं का? असेल. सामानासाठी मागे जाताना, पुन्हा येताना, तीनही फेऱ्या आम्ही बोललो. थोडं भांडलोही. पण एकमेकांना टाकून पुढे जायची सोय नव्हती, वाट एकच होती.

संध्याकाळी पॉर्क्युपाइनच्या काठी तंबू ठोकला. फोनला नेटवर्क शून्य. कुकरने दोन शिट्ट्या दिल्या, त्या तलावभर घुमल्या आणि पलीकडून लून पक्ष्याने लांब हाक दिली. 1987 पासून कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर बसलाय तो हाच. आम्ही दोघंही खो-खो हसलो. किती दिवसांनी! जेवणानंतर उरलेला शिधा अस्वलांच्या भीतीने तंबूपासून लांब झाडाला उंच टांगला. लोणच्यासकट.

तिसऱ्या दिवशी तेच सगळं घेऊन परत. जंगलात काही टाकायचं नाही, हा तिथला पहिला नियम. कुकर नको झाला तरी परत न्यायचाच. फक्त उतरताना तो नवरोबाने घेतला आणि मी त्याच्या खुर्च्या.

निर्णय? अजून झालेला नाही. बाबांना थंडी संपली की चार महिने इकडे आणायचं आणि मग ठरवायचं, एवढंच ठरलंय. पण हल्ली विषय निघाला की रिमोट टेबलावरच राहतो.

आणि हो, पुढच्या वेळी खिचडी साध्या पातेल्यात!