तिकिटावरचे तास आणि पोटऱ्यांतले रक्त

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. विमान न बदलता गेल्यास पंधरा-सोळा तास लागतात. मुले तिकीट काढतात ती एवढे पाहून. पण पुण्याहून निघणाऱ्या आजी-आजोबांचा प्रवास घराच्या दारात सुरू होतो. मुंबईपर्यंत चार तास गाडीत, तीन तास विमानतळावर, मग विमान आणि उतरल्यावर पुन्हा गाडी. ही बेरीज चोवीस तासांच्या पुढे जाते आणि त्यातला बहुतेक वेळ पाय लोंबकळत ठेवून बसण्यात जातो.

चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. बसून राहिले की रक्त शिरांत साचते आणि क्वचित त्याची गुठळी होते. ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास हा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही निरोगी माणसांत तो सहा हजारांत एक एवढाच आहे, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मात्र पूर्वी गुठळी झालेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे रुग्ण आणि अतिस्थूल व्यक्ती यांनी जपायलाच हवे. मधे विमान बदलले म्हणून धोका टळत नाही.

दुसरी गोष्ट हवेची. विमानातील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितकाच ठेवलेला असतो. आपले कळसूबाई शिखर सुमारे ५,४०० फूट! म्हणजे दम्याचा, हृदयविकाराचा किंवा रक्त कमी असलेला रुग्ण कळसूबाईहून उंच जागी रात्रभर बसतो.

लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या कित्येक आजीबाई उठावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. हे अगदी चुकीचे आहे. पाणी थोडे थोडे प्यावे, कडेची जागा मागून घ्यावी, जाग असेल तेव्हा दर तासा-दोन तासांनी उठावे आणि बसल्या जागी घोटे फिरवावेत. विमानतळावर चाकाची खुर्ची जरूर घ्यावी, पण विमानात खुर्चीला चिकटून राहू नये. कोणी सांगितले म्हणून अ‍ॅस्पिरिन घेऊ नये, झोपेची गोळीही नको. इन्शुलिन व रोजची औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. न्यूयॉर्ककडे जाताना दिवस साडेनऊ किंवा साडेदहा तासांनी लांबतो, त्यामुळे इन्शुलिनच्या वेळा आधीच लिहून घ्याव्यात.

आमच्याकडे लोक येतात ते बॅगा भरून झाल्यावर, आदल्या संध्याकाळी, 'फिट' असल्याचा दाखला मागायला. तेव्हा डॉक्टर काय करणार? रक्त तपासायला, औषध बदलायला वेळच उरत नाही. माझे स्पष्ट मत आहे की साठी उलटलेल्या माणसाचे तिकीट डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढूच नये. स्वस्त भाड्यापेक्षा वडीलधाऱ्यांची प्रकृती महत्त्वाची.

आणि प्रवासानंतर काही आठवड्यांत एकच पोटरी सुजली व दुखू लागली, अथवा एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखले, तर थकवा म्हणून अंगावर काढू नका. लगेच डॉक्टर गाठा आणि विमानप्रवास केल्याचे आवर्जून सांगा.