नाताळ कोपीपर्यंत पोचू दे

दिवाळी सरली, की जुन्नरच्या विघ्नहर आणि आंबेगावच्या भीमाशंकर कारखान्यांचं गाळप सुरू होतं. मुकादमाची उचल घेतलेल्या ऊसतोड टोळ्या बीड-जळगावकडून येतात आणि फडालगत कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडतात. नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर आदिवासी पट्ट्यातली माणसं सकाळीच रोजगाराच्या आशेने उभी राहतात. नाताळ येतो तो ऐन या हंगामात. तरीही परमुलखात आलेल्यांमध्ये सेवाकार्य म्हटलं, की आपल्या ख्रिस्ती मंडळींच्या डोळ्यांपुढे चटकन लंडन-टोरांटो येतं. कोपीतलं कुटुंबही परमुलखातच आलेलं असतं, हे मात्र ध्यानात येत नाही.

या कामाचा धडा शेजारच्या नाशकात गिरवून झाला आहे. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी १८५४ मध्ये तिथे शरणपूर वसवलं. गुलामांच्या गलबतांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईत उतरवली जात. त्यांतली कित्येक शरणपुरात वाढली. शाळेबरोबर सुतारकी-लोहारकी शिकली. त्यांचे बाप्तिस्मेही झाले, ते झाकण्याचं कारण नाही. पण शरणपूरची कमाई पुढे दिसली. तिथे शिकलेले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८६४ मध्ये मोंबासाच्या किनाऱ्यावर परतले आणि पुढे पाळक झाले. मालकांकडून पळालेल्या गुलामांना जोन्स यांनी रबईच्या मिशनमध्ये थारा दिला. अखेर मालकांना मोबदला चुकता करून १८८९ च्या आरंभी सुमारे १४०० जणांना मुक्तीचे दाखले देण्यात आले. ज्याला आसरा मिळाला, तोच आसरा देणारा झाला. परक्यांमधल्या सेवेची कसोटी हीच.

जुन्नरला तर ही गोष्ट त्याहून जुनी आहे. इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, पाण्याची दोन टाकी आणि चित नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दान केल्याचे शिलालेख इथल्या बौद्ध लेण्यांत आहेत. तो धर्म वेगळा, काळही वेगळा. पण बाहेरून आलेल्या माणसाला इथे दाता म्हणून नाव कोरण्याइतकी जागा मिळाली होती. आजच्या टोळीतल्या माणसाचं नाव मुकादमाच्या वहीबाहेर कुठे लागतं?

तेव्हा दोन सवयी सोडाव्या लागतील. पहिली सेवा करणाऱ्यांची. प्रार्थनेला बसलात तरच खाऊ आणि गोधडी, असं असेल तर ती सेवा नव्हे, ती मुकादमाची उचलच झाली. गरजू माणूस तीही अंगठा उठवून घेईल. श्रद्धा सांगण्याचा हक्क राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने दिला आहे. तो उजळ माथ्याने वापरावा, पण भाकरीला अट जोडू नये. दुसरी सवय गावकऱ्यांची. मदतीला आलेल्या प्रत्येक पाद्र्याच्या पिशवीत धर्मांतर शोधायचं आणि आपण मात्र सहा महिने शिवारात राहणाऱ्या मुलांची चौकशीही करायची नाही, हा कसला धर्माभिमान?

कामाचा तोटा नाही. या दोन तालुक्यांत उसात बिबट्या आहे आणि कोपीला दार नाही. आईबाप फडात उतरतात तेव्हा तान्ही पोरं बांधावर असतात. साखरशाळेला शिक्षक हवा, वस्तीला रात्री उजेड हवा, अवघडलेल्या बाईला दवाखान्यात नेणारी गाडी हवी. पुणे, नाशिक आणि अहिल्यानगरच्या मंडळ्यांनी यंदा नाताळच्या रोषणाईतला निम्मा खर्च इकडे वळवावा आणि टोळी परत जाईपर्यंत काम सोडू नये. गावातल्या देवस्थानांनाही कोणी अडवलेलं नाही. एका दिवसाचा केक वाटून फोटो काढायचा असेल, तर मात्र कोणी फडावर येऊ नये.