उसनी दिलेली एकुलती गाडी

शेजारघरी वाटीभर साखर उसनी दिली, तर परत येते ती दुसरी साखर असते. हातउसने पैसे दिले, तरी परत येणाऱ्या नोटा निराळ्या असतात. मोटारगाडीचे तसे नाही. जी दिली तीच परत यावी लागते, आणि तोवर देणाऱ्याच्या दारातील जागा रिकामी राहते. कर्ज देताना व्यापारी दहा चौकश्या करतो. गाडीची किल्ली मात्र तो पुष्कळदा केवळ भिडेखातर देऊन टाकतो. पुढे नात्यात जे कडवटपण येते, त्याचे मूळ बहुधा या न केलेल्या चौकशीत असते.

सांगलीच्या गणपती पेठेतील एका धान्य व्यापाऱ्याच्या घरची हकिगत या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे. दुकानात तीस वर्षे चाकरी करून तासगावी स्थायिक झालेल्या दिवाणजींच्या पत्नीस कर्करोगाचे निदान झाले. मिरजेच्या रुग्णालयात किरणोपचार ठरले. आठवड्यातून पाच दिवस, असे सहा आठवडे. उपचारानंतर त्यांना बसमध्ये उभे राहणे शक्य नव्हते. दिवाणजींनी काही मागितले नव्हते. मालकांनीच घरातील एकुलती गाडी देऊ केली.

मात्र किल्ली देण्यापूर्वी त्यांनी दिवाणजी व त्यांचा मुलगा यांना समोर बसवून घेतले. मुलाचा वाहन परवाना मुदतीत आहे ना, हे पाहिले. कारण परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिल्यास मोटार वाहन कायद्याने मालकासच ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. विमा व प्रदूषण चाचणीचे प्रमाणपत्र दाखविले. विम्यातील पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण मालक-चालकापुरतेच असते, ते उसनी गाडी चालविणाऱ्यास लागू पडत नाही, हेही सांगितले. मुलाने स्वतःसाठी वेगळी अपघात पॉलिसी घेतली. शेवटी मालक म्हणाले, “दिवाणजी, पावसात हिचा ब्रेक थोडा उशिरा लागतो. उद्या गॅरेजमध्ये दाखवतो, मगच घेऊन जा.”

हा केवळ चांगुलपणा नव्हता. भारतीय करार अधिनियम, १८७२ यात अशा देवघेवीचा स्वतंत्र विचार आहे. कलम १५० प्रमाणे, वस्तूतील जो दोष वापरणाऱ्यास धोक्यात घालील आणि जो देणाऱ्यास ठाऊक आहे, तो त्याने सांगितलाच पाहिजे. कलम १५१ प्रमाणे, घेणाऱ्याने ती वस्तू शहाणा माणूस स्वतःची वस्तू सांभाळतो तशी सांभाळली पाहिजे.

गाडी गेली आणि घराची घडी बदलली. विश्रामबागेतून पेठेत जाण्यास मालक शहर बस धरू लागले. दुकान उघडण्याची वेळ पाळायची तर घरून वीस मिनिटे आधी निघावे लागे. इचलकरंजीच्या लग्नाला मंडळी एसटीने गेली. २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट असल्याने सुनेचे भाडे निम्मे झाले आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आईंचा प्रवास विनामूल्य झाला. मात्र सोय आणि बचत यांत फरक आहे, हेही ध्यानात आले. पावसात पिशव्या घेऊन रिक्षाची वाट पाहताना सुनेच्या कपाळी आठी उमटे, पण ती बोलत नसे.

तिसऱ्या आठवड्यात ती आठी शब्दांत उतरली. रात्री दीडच्या सुमारास आईंना घेरी आली. नातू रिक्षाच्या शोधात चौकापर्यंत धावला आणि रिकाम्या हातांनी परतला. अखेर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलाविली. रक्तदाब वाढला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी आई घरी आल्या. त्या संध्याकाळी मुलगा म्हणाला, “बाबा, आता गाडी परत मागा. आपल्याच घरात म्हातारं माणूस आहे.”

त्याचे म्हणणे चूक नव्हते. विनामोबदला दिलेली वस्तू मुदतीपूर्वीही परत मागता येते, असे कलम १५९ सांगते. परंतु तेच कलम पुढे असेही सांगते, की त्या मुदतीवर विसंबून घेणाऱ्याने काही केले असेल आणि वस्तू परत घेतल्याने त्याचा तोटा झालेल्या लाभाहून अधिक होत असेल, तर तो फरक देणाऱ्याने भरून द्यावा. अर्ध्यावर तुटलेल्या उपचाराची भरपाई कोणत्या वहीत मांडणार? मालकांनी गाडी मागितली नाही. त्यांनी शेजारच्या दोन घरांशी बोलून ठेवले, रात्री येणाऱ्या एका रिक्षावाल्याचा क्रमांक भिंतीवर लिहिला आणि रोज रात्री आईंचा रक्तदाब मोजण्यास सुरुवात केली. हे सारे किल्ली देण्याच्या दिवशीच करावयास हवे होते, असे ते मुलापाशी मोकळेपणाने बोलले.

सहा आठवड्यांनी गाडी परत आली. धुतलेली, टाकी भरलेली. डाव्या दारावर एक लांब ओरखडा होता. कोणी पाहण्यापूर्वीच दिवाणजींनी तो दाखविला आणि दुरुस्तीचा अंदाज घेऊन आणलेले पैसे पाकिटात पुढे केले. विम्याचा दावा केला असता, तर चार वर्षे दावा न केल्याने मिळालेली ४५ टक्के सवलत पुढील नूतनीकरणात गेली असती. नुकसान त्याहून कमी होते. सुनेला वाटले, मामंजी पाकीट परत करतील.

त्यांनी ते घेतले, मोजले आणि “बरोबर आहेत,” एवढेच म्हणाले. पैसे नाकारले असते, तर ज्या माणसाने तीस वर्षे दुकानाचा पै-पैचा हिशेब चोख ठेवला, तो अखेरीस उपकारांच्या खात्यात येणेकरी म्हणून राहिला असता. दिवाणजी चहा घेऊन, ताठ मानेने तासगावच्या एसटीकडे निघाले.