‘आजवर काही झाले नाही’ हा पुरावा नव्हे

छापलेल्या आकड्यावर माणसाचा विश्वास चटकन बसतो. रेल्वेचे वेळापत्रक, परीक्षेच्या मार्गदर्शकातील उत्तर, औषधाच्या बाटलीवरील मात्रा, या साऱ्यांकडे आपण एकाच श्रद्धेने पाहतो. वेळापत्रकातला आकडा चुकला तर गाडी चुकते, मार्गदर्शकातला चुकला तर दोन गुण जातात. पण काही आकडे असे असतात की ते चुकले तर डोळा जातो किंवा हात जातो. अमेरिकेतील अनेक नेमबाज व शिकारी आपल्या रायफलीची काडतुसे घरच्या घरी भरतात. त्यासाठी ते दारूच्या मापांची जी कोष्टके वापरतात, त्यांतील आकडे या जातीचे आहेत. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून दारूगोळा तयार करता येत नाही. त्यामुळे हा छंद आपल्या परिचयाचा नाही. तथापि, दुसऱ्याने दिलेल्या आकड्यावर किती आणि कशाच्या आधारे विसंबावे, हा त्यामागील प्रश्न शिक्षकाला, कारकुनाला आणि विद्यार्थ्याला तितकाच लागू आहे. म्हणून त्याची चिकित्सा करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. काडतुसाचे घटक चार : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत निर्धूर दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. गोळी सुटल्यावर पितळी पुंगळी मागे राहते. ती पुन्हा अनेकदा वापरता येते आणि चारही घटकांत तीच महाग असल्यामुळे काडतुसे घरी भरण्यात बचत होते. शिवाय आपल्या रायफलीला मानवेल असे काडतूस करता येते आणि नेमही सुधारतो. दारू ‘ग्रेन’ या मापाने मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या जुन्या हिशेबाने अंदाजे अर्धी गुंज. एवढ्याशा मापाचे महत्त्व दाबाचा आकडा पाहिला म्हणजे कळते. अमेरिकेतील शस्त्र व दारूगोळा उत्पादकांची ‘सामी’ ही मानकसंस्था १९२६ साली स्थापन झाली. ‘थर्टी-ऑट-सिक्स’ या प्रसिद्ध काडतुसासाठी तिने ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ६०,००० पौंड आहे. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब याच मापाने तीसच्या आसपास असतो. म्हणजे चाकातल्या दाबाच्या दोन हजार पट दाब, सेकंदाच्या हजाराव्या भागाइतक्या अवधीत, नेमबाजाच्या गालापासून काही इंचांवर निर्माण होतो. दारू वाढवली की दाबही त्याच प्रमाणात वाढतो असेही नाही. मर्यादेजवळ तो प्रमाणाबाहेर झपाट्याने चढतो.

असे असताना कोष्टकातील आकडा सुरक्षित आहे की नाही, हे ठरवायचे कसे? पहिली गोष्ट ही की ते कोष्टक म्हणजे पाककृती नव्हे. तो एका प्रयोगाचा अहवाल असतो. विशिष्ट कंपनीची विशिष्ट वजनाची गोळी, विशिष्ट पुंगळी, विशिष्ट टोपी, विशिष्ट नळी आणि दारूचा विशिष्ट साठा घेऊन कोणी तरी प्रयोगशाळेत दाब मोजला आणि तो लिहून ठेवला, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. यांतील एक घटक बदलला की अहवाल वेगळ्या काडतुसाचा होतो. नावातले एक अक्षर बदलले तरी किती फरक पडतो, याचे उदाहरण सर्वश्रुत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉजडन या अमेरिकन व्यापाऱ्याने लष्कराकडील शिल्लक दारू ‘४८३१’ या क्रमांकाने विकली. पुढे १९७० च्या दशकात ड्यू पाँट कंपनीने त्याच क्रमांकाची आपली दारू बाजारात आणली. क्रमांक तोच, पण ही नवी दारू अधिक वेगाने जळणारी. पहिलीच्या कोष्टकातले कमाल माप दुसरीला लावणे म्हणजे संकटाला आमंत्रण होते. केवळ ‘४८३१’ एवढेच लिहिलेले टिपण, ते कितीही सुवाच्य असले तरी, धोक्याचे ठरले ते यामुळे.

दुसरी गोष्ट, दाब कशाने मोजला हे कळल्यावाचून दाबाच्या आकड्याला अर्थ नसतो. एकोणिसाव्या शतकापासून तांब्याची लहान गुटी दाबाखाली किती चेपते यावरून दाब ठरवीत असत. पद्धत उपयुक्त होती, पण तांबे चेपायला वेळ लागतो आणि दाबाचे शिखर क्षणार्धात सरते. विजेवर चालणारे दाबमापक आले तेव्हा तेच शिखर अधिक उंच असल्याचे दिसले. ‘थ्री-झीरो-एट विंचेस्टर’ या काडतुसाची मर्यादा तांब्याच्या मापाने ५२,००० आणि नव्या मापाने ६२,००० आहे. काडतूस तेच आणि दाबही तोच. मोजपट्ट्या मात्र दोन. जुन्या पुस्तकांतून तांब्याचा आकडाही ‘पौंड’ म्हणूनच छापला जाई. त्यामुळे दोन पुस्तके शेजारी ठेवून तुलना करणारा वाचक नकळत दोन वेगळ्या भाषांतील शब्दांची बेरीज करीत असतो.

यावर अनुभवी लोकांचे उत्तर ठरलेले असते. ते म्हणतात, ‘आम्हाला यंत्राची गरज नाही. डागलेल्या पुंगळीकडे पाहून आम्ही दाब ओळखतो. टोपी चपटी झाली, खिटी उघडताना जड गेली, तर समजावे की दारू जास्त झाली.’ ही लक्षणे खोटी नव्हेत. ती दिसताच थांबलेच पाहिजे. पण ती दिसत नाहीत म्हणून सारे ठीक आहे, हा निष्कर्ष चुकीचा आहे. पितळ आपली लक्षणे दाखवू लागते ते साधारणतः आधुनिक रायफलीची मर्यादा ओलांडल्यावर. ‘थर्टी-थर्टी’सारख्या जुन्या काडतुसाची मर्यादा ४२,००० पौंडांचीच आहे. त्याच्या रायफलीत पितळ बोलू लागेपर्यंत पोलादाची सहनशक्ती कधीच ओलांडलेली असते.

अनुभवी डोळा किती फसू शकतो, याचा धडा अमेरिकन लष्कराने मोठी किंमत देऊन घेतला. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, स्प्रिंगफील्ड बनावटीच्या काही रायफली फुटल्या. चौकशीत आढळले की नळी ज्यात बसवतात तो पोलादी भाग ठिसूळ झाला होता. घडाईच्या वेळी पोलाद किती तापले हे जुने, कसबी कारागीर त्याच्या रंगावरून ठरवीत. उष्णतामापक आणून तपासले तेव्हा उघड झाले की ढगाळ दिवशी ‘योग्य’ वाटणाऱ्या तापमानापेक्षा लख्ख उन्हाच्या दिवशी ‘योग्य’ वाटणारे तापमान फॅरनहाइटच्या ३०० अंशांपर्यंत जास्त असे! प्रकाश अधिक असला की तापलेल्या लोखंडाचा रंग फिका दिसतो, आणि कारागीर ते आणखी तापवीत राहतो. ज्युलियन हॅचर या लष्करी अधिकाऱ्याने १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या टिपणवहीत ही हकिकत नोंदवली आहे. त्या कारागिरांच्या निष्ठेत वा कौशल्यात काही उणे नव्हते. त्यांच्यापाशी स्वतःची चूक कळण्याचे साधन तेवढे नव्हते.

हॅचर यांनीच सांगितलेली दुसरी हकिकत तर ‘आजवर काही झाले नाही’ या युक्तिवादाचा समूळ निकाल लावणारी आहे. त्या काळच्या गोळ्यांच्या आवरणातील धातू नळीत साचून राही. तो साचू नये म्हणून नेमबाज गोळीला ग्रीस लावीत. वर्षानुवर्षे ही सवय चालली आणि बहुतेकांचे काही बिघडले नाही. १९२१ सालच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी सरकारी कारखान्याने कथिलाचा मुलामा दिलेल्या गोळ्या पुरवल्या. यामुळे नळीत धातू साचणारच नव्हता, म्हणून ग्रीस लावू नये अशी ताकीद होती. तरीही जुन्या सवयीने काहींनी ते लावलेच. इकडे साठवणीत कथिल पितळाला चिकटून बसले होते, जणू गोळी पुंगळीच्या गळ्यात डाग देऊन बसवली असावी. पुंगळीचा गळा फुगून गोळीला वाट देणार, तर त्याभोवतीची मोकळी जागा ग्रीसने भरलेली. दाब भलताच चढला आणि ओहायोतील कॅम्प पेरी येथील त्या स्पर्धेत अपघात झाला. ग्रीस लावणाऱ्याजवळ अनुभव नव्हता असे नाही. अनुभव भरपूर होता, परंतु तो निराळ्या गोळीचा होता. परिस्थिती बदलली की जुन्या अनुभवाची मुदत संपते, आणि ती संपल्याची सूचना कोणी घरी आणून देत नाही.

येथे एका आक्षेपाचा विचार करावयास हवा. नव्या पुस्तकांतील कमाल मापे जुन्यांपेक्षा अनेकदा कमी असतात. यावर अमेरिकेतील नेमबाज उपहासाने म्हणतात की ही कपात शास्त्रज्ञांनी केलेली नाही, वकिलांनी केली आहे. नुकसानभरपाईच्या दाव्यांची धास्ती घेतलेल्या कंपन्या काही प्रमाणात अधिक सावध झाल्या असतील, हे मान्य करू. परंतु जुन्या आकड्यांतील कित्येक पुंगळीची लक्षणे पाहून ठरवलेले होते, आणि नव्या दाबमापकाने ते मर्यादेबाहेर असल्याचे दाखवले, हे कारण अधिक बळकट आहे. शिवाय दारूचे उत्पादनही काळानुसार बदलते. जुन्या आकड्याची बाजू घेणाऱ्याने तो कोणत्या उपकरणाने सिद्ध झाला हे दाखवावे. ‘आमच्या वडिलांनी हाच वापरला’ हे उत्तर श्रद्धेचे झाले. मात्र ‘कमी म्हणजे सुरक्षित’ हाही नियम सर्वत्र चालत नाही. काही सावकाश जळणाऱ्या दारूचे माप ठरावीक मर्यादेखाली नेऊ नये, असे उत्पादक बजावून सांगतात. तेव्हा भित्र्याची अटकळ आणि धीटाची अटकळ, दोन्ही शेवटी अटकळीच.

मग विश्वास कशावर ठेवावा? माझ्या मते आकड्याला चार प्रश्न विचारावेत. तुला कोणी मोजले आणि तो आपले नाव देऊन जबाबदारी घेतो काय? कोणत्या उपकरणाने आणि केव्हा मोजले? कोणकोणत्या घटकांसह मोजले, आणि तेच घटक माझ्यापुढे आहेत काय? आणि दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे मोजून तुझ्याशी मेळ घेतला आहे काय? यांतील ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द महत्त्वाचा. एकाच चुकीच्या आकड्याची दहा जणांनी नक्कल केली तर दहा साक्षीदार होत नाहीत. साक्षीदार एकच राहतो. चारही उत्तरे समाधानकारक मिळाली तरी आपली रायफल म्हणजे प्रयोगशाळेतील नळी नव्हे. म्हणून पुस्तकाने सांगितलेल्या आरंभीच्या मापापासून थोडे थोडे वर जावे, गोळीचा वेग मोजावा, आणि तो पुस्तकातल्यापेक्षा अधिक आला तर आनंद मानण्याऐवजी थांबावे. अधिकचा वेग फुकट मिळत नाही, त्याची किंमत दाबाने वसूल केलेली असते.

इंग्लंडमध्ये १६३७ साली लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला सनद मिळाली आणि १८१३ साली बर्मिंगहॅमचे परीक्षागृह कायद्याने उभे राहिले. बंदुकीची परीक्षा तिच्या कर्त्याखेरीज दुसऱ्याने करावी, हे शहाणपण त्यामागे होते. घरी काडतूस भरणारा माणूस हे दुसरेपण गमावतो. भरणारा तोच, तपासणारा तोच आणि डागणाराही तोच. कचेरीत एकाने लिहिलेल्या हिशेबावर दुसऱ्याची सही लागते, आणि त्या सहीचा आपल्याला कंटाळा येतो. परंतु न वाचता केलेली सही आणि न तपासता घेतलेला आकडा यांची जात एकच. काडतूस आपला हिशेब त्याच क्षणी चुकता करते. आपल्या वह्यांतील चुका मात्र वर्षानुवर्षे निमूटपणे पडून राहतात, आणि म्हणून त्या नाहीतच असे आपण धरून चालतो.